तीस खाटांचे रुग्णालय

महाराष्ट्रात तालुक्याच्या किंवा मोठ्या बाजारपेठेच्या गावी जे सरकारी रुग्णालय असते, त्याला कागदोपत्री ग्रामीण रुग्णालय म्हणतात. त्यात तीस खाटा असतात. त्याच्या खाली साधारण पाच हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र आणि तीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असते. डोंगराळ आणि आदिवासी भागात हे आकडे तीन हजार आणि वीस हजार असे धरले जातात. वरच्या बाजूला उपजिल्हा रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय, म्हणजे लोकांच्या तोंडचे ‘सिव्हिल’. उपकेंद्र आणि प्राथमिक केंद्र जिल्हा परिषदेकडे असतात, तर ग्रामीण रुग्णालय राज्याच्या आरोग्य विभागाचे, जिल्हा शल्यचिकित्सकाच्या अखत्यारीतले. मधल्या पायरीवरचे हे रुग्णालय सुमारे एक लाख वीस हजार लोकांसाठी असावे असा निकष आहे. खालून पाठवलेला रुग्ण येथे येतो आणि येथे जमले नाही तर वर जातो. त्यामुळे ‘ठेवायचा की पाठवायचा’ हा प्रश्न या इमारतीत रोज अनेकदा उभा राहतो. त्याचे उत्तर बरोबर येणे जेवढे डॉक्टरच्या ज्ञानावर अवलंबून असते, तेवढेच खाटेशेजारी उभ्या असलेल्या परिचारिकेच्या नजरेवर.

रुग्णालयाचा दिवस सकाळी आठला ‘ओव्हर’ने सुरू होतो. रात्रपाळीची सिस्टर सकाळच्या सिस्टरला वॉर्ड सोपवते, त्याला ओव्हर देणे म्हणतात. सकाळची पाळी आठ ते दोन, दुपारची दोन ते आठ आणि रात्रीची आठ ते सकाळी आठ, अशी वाटणी बहुतेक ठिकाणी असते. ओव्हरच्या वहीत खाट नंबर, रुग्णाचे नाव, आजार, चालू सलाईन, द्यायची राहिलेली इंजेक्शने, तपासणीला पाठवलेले रक्त, ऑक्सिजनच्या सिलिंडरचा काटा आणि तातडीच्या ट्रॉलीतल्या औषधांची मोजणी अशा नोंदी असतात. त्यापलीकडचा भाग तोंडीच दिला जातो. सहा नंबरच्या आजी विचारल्यावर बरे वाटते म्हणतात, पण पहाटेपासून लघवी झालेली नाही. नऊ नंबरच्या दादांसोबत कोणी नाही, नाश्ता हातात दिल्याशिवाय ते खात नाहीत. अकरा नंबरच्या ताईंचा नवरा बाहेर मोठमोठ्याने बोलतो आहे, त्याला सकाळच्या डॉक्टरांनी एकदा समजावून सांगायला हवे. चांगल्या इन्चार्ज सिस्टरच्या हाताखाली ओव्हर घाईत उरकला जात नाही. दोघी प्रत्येक खाटेपाशी जाऊन उभ्या राहतात. वाहनाची वेळ झाली म्हणून ओव्हर टेबलापाशीच आटोपला, तर आजींच्या लघवीची गोष्ट दुपारपर्यंत कोणाला कळत नाही आणि तोवर मूत्रपिंडाचे नुकसान झालेले असू शकते.

साडेआठ-नऊपासून बाह्यरुग्ण विभाग, म्हणजे ओपीडी, भरू लागतो. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरचे आणि तपासण्यांचे शुल्क घेतले जात नाही. खिडकीवर नाव, गाव, वय सांगून केसपेपर मिळतो. आठवडी बाजाराच्या दिवशी गर्दी दुप्पट वाटते, कारण बाजाराला आलेला माणूस त्याच फेरीत रक्तदाबाच्या गोळ्याही घेऊन जातो. या गर्दीत डॉक्टरला एका रुग्णामागे दोन-तीन मिनिटेच मिळतात. अनुभवी डॉक्टर त्या वेळात रुग्णाच्या तक्रारीपेक्षा त्याच्या चालण्याकडे, श्वासाकडे, डोळ्यांच्या खालच्या पापणीच्या रंगाकडे आधी पाहतो. ‘अंग दुखतंय, एक सुई द्या’ असे म्हणणाऱ्या बाईला खरे तर रक्त कमी असते. ‘अशक्तपणा आहे, सलाईन लावा’ म्हणणाऱ्या म्हाताऱ्याची साखर चारशेच्या वर असू शकते. सलाईन लावल्याशिवाय इलाज झाला असे न वाटणाऱ्या माणसाला गोळी पुरेशी आहे हे पटवण्यात वेळ जातो, आणि तो वेळ देणारे डॉक्टर मोजके असतात. तरीही तो द्यायलाच हवा. नाहीतर हाच माणूस दुपारी खासगीत जाऊन पैसे मोजून तेच मीठपाणी शिरेतून घेतो.

इंजेक्शन रूममध्ये रोज कुत्रा चावलेले रुग्ण येतात. जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुणे ही पहिली पायरी. ती घरी झालेली नसते. उलट हळद, चुना किंवा तिखट लावलेले असते. ते आधी धुऊन काढावे लागते. त्यानंतर त्वचेत टोचायची लस पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. चावा खोल असेल तर जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिनही भरावे लागते. लसीची एक कुपी अनेकांना पुरते, पण उघडल्यावर सहा ते आठ तासांत संपवावी लागते. म्हणून सिस्टर चावलेल्या रुग्णांना एका ठरावीक वेळेला एकत्र बोलावते. अठ्ठाविसाव्या दिवसाची सुई सर्वाधिक चुकते. जखम भरलेली असते, शेतात काम असते, एसटीचे भाडे असते. रेबीज एकदा झाला की त्यावर इलाज नाही, म्हणून रजिस्टरवर राहिलेली नावे पाहून त्या त्या गावच्या आशाताईला फोन लावणारी सिस्टर जे काम करते, त्याची नोंद कुठल्याही अहवालात होत नाही.

क्षयरोगाचेही असेच. सहा महिन्यांची औषधे मोफत मिळतात. पोषणासाठी महिन्याला मिळणारी रक्कम 2018 साली 500 रुपये होती, ती नोव्हेंबर 2024 पासून 1000 रुपये झाली. दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढते, आणि नेमके तेव्हाच औषध सोडण्याचा मोह होतो. औषध मध्येच सुटले तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात. रुग्ण रोजगारासाठी पुण्या-मुंबईला किंवा ऊसतोडीला निघून गेला, तर त्याच्या गोळ्यांचा मागोवा ठेवणे आणखी अवघड.

वॉर्डात दुपार शांत दिसते, पण काम थांबलेले नसते. खाटांच्या चादरी, तापाचे तक्ते, भरतीचे आणि सुट्टीचे कागद, योजनांची ऑनलाइन माहिती, मासिक अहवाल हे सगळे बहुतांशी परिचारिकांकडेच असते. एका सिस्टरचा किती वेळ रुग्णाजवळ आणि किती वेळ टेबलाजवळ जातो, हे पाहिले की कारकुनाचे एक रिकामे पद रुग्णाला किती महाग पडते ते कळते. कक्षसेवकांना सगळे ‘मामा’ म्हणतात आणि कक्षसेविकांना ‘मावशी’. स्ट्रेचर ढकलणे, ऑक्सिजनचा सिलिंडर बदलणे, उलटी पुसणे, मृतदेह हलवणे ही कामे त्यांची. मामांना सगळी गावे, सगळी घराणी ठाऊक असतात. नातेवाईक खवळले तर अनेकदा डॉक्टरच्या आधी त्यांचेच ऐकतात. यातले बरेच जण आता कंत्राटी आहेत आणि पगार वेळेवर होईल याचा त्यांना भरवसा नसतो.

लोकांना सहसा माहीत नसलेले आणखी एक काम येथे होते: शवविच्छेदन. अपघात, बुडणे, विषबाधा, संशयास्पद मृत्यू अशा प्रसंगी पोलीस पंचनामा करून मृतदेह येथे आणतात. ओपीडीत बसलेला वैद्यकीय अधिकारीच उठून तिकडे जातो. बाहेर रांगेतले लोक डॉक्टर गायब झाले म्हणून चिडतात. त्यांना कारण सांगणारा कोणी नसतो. त्या अहवालावर पुढे कोर्टात साक्ष द्यावी लागते. कित्येक वर्षांनी समन्स येते, तोवर डॉक्टर दुसऱ्या जिल्ह्यात बदलून गेलेला असतो आणि त्या दिवशी त्याच्या नव्या रुग्णालयाची ओपीडी त्याच्याविना चालते.

प्रसूतिगृह, सगळ्यांच्या तोंडी ‘लेबर रूम’, हा या रुग्णालयाचा सर्वात जिवंत भाग. 2005 पासून जननी सुरक्षा योजना आणि 2011 पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आल्यावर दवाखान्यात बाळंतपण करण्याचे प्रमाण वाढले. औषध, तपासणी, आहार आणि घरून आणणे-सोडणे यांचा खर्च सरकारने उचलला. पहिलटकरीण कळा सुरू झाल्यावर येते तेव्हा तिच्यासोबत आई, सासू, आशाताई असा गोतावळा असतो. सिस्टर दर अर्ध्या तासाला बाळाचे ठोके ऐकते, कळा मोजते, ठरलेल्या अंतराने तपासणी करते आणि ते सगळे पार्टोग्राफ नावाच्या तक्त्यावर मांडते. गर्भाशयाचे तोंड उघडण्याची रेषा इशाऱ्याच्या रेषेच्या उजवीकडे सरकली, तर पुढे अडेल हे दोन-तीन तास आधी कळते. तक्ता बाळंतपण झाल्यावर एकदम भरला तर त्याचा काडीचाही उपयोग नाही. ज्या लेबर रूममध्ये तो वेळच्या वेळी भरला जातो, तेथून बाई वेळेत सिझेरियनसाठी पुढे जाते.

बाळ जन्मल्यावर मिनिटभरात आईला ऑक्सिटोसिनचे दहा युनिटचे इंजेक्शन मांडीत देतात, म्हणजे गर्भाशय आकसते आणि रक्तस्राव आटोक्यात राहतो. बाळाला कोरडे करून आईच्या पोटावर ठेवणे, तासाभरात अंगावर पाजणे, जीवनसत्त्व केचे इंजेक्शन, पहिल्या दिवसाच्या लसी हे त्यानंतरचे. खरी परीक्षा पुढच्या दोन तासांत असते. वार पडून गेली, टाके घातले, पेढे वाटले गेले, आणि सगळ्यांचे लक्ष बाळाकडे गेले. त्याच वेळात बाळंतिणीच्या अंगाखालची चादर हळूहळू भिजत असते. म्हणून जाणत्या सिस्टर दर पंधरा मिनिटांनी पोटावर हात ठेवून गर्भाशय घट्ट आहे का ते पाहतात, पांघरूण वर करून चादर बघतात, नाडी मोजतात. मऊ लागले तर तिथल्या तिथे चोळतात, पुढचे औषध देतात, दोन्ही हातांत सलाईन लावतात, डॉक्टरला बोलावतात. प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाने जाणारे प्राण वाचवण्याचा याहून सोपा मार्ग नाही, आणि त्याला लागतो तो फक्त दोन तास जागचा न हलणारा माणूस.

गरोदरपणात रक्तदाब वाढलेली बाई झटके येऊन आली, तर मॅग्नेशियम सल्फेट द्यायचे असते. पुढे पाठवण्याआधी दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम खोल टोचून मगच गाडीत घालायचे, ही शिकवण प्रत्येक प्रशिक्षणात दिली जाते. घाबरलेले कर्मचारी कधी कधी रुग्ण लवकर पुढे जावा म्हणून हा डोस न देताच पाठवतात. रस्त्यात दुसरा झटका येतो. पाच मिनिटे थांबून इंजेक्शन देणे म्हणजे वेळ घालवणे नव्हे, हे नव्या सिस्टरच्या मनावर जुन्या सिस्टरच बिंबवतात. वहीतून ते तितके पोचत नाही.

रात्री आठनंतर इमारतीचे रूप बदलते. एक वैद्यकीय अधिकारी, वॉर्ड आणि लेबर रूम मिळून एक किंवा दोन परिचारिका, एक मामा किंवा मावशी. प्रयोगशाळा तंत्रज्ञ आणि औषधनिर्माता बोलावल्यावर येतात. पावसाळ्यात रात्रीच्या दारावर सर्पदंशाचे रुग्ण ठरलेले. भारतात दगावणाऱ्यांपैकी बहुतेकांना नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांतला एखादा चावलेला असतो, आणि आपल्याकडे मिळणारे प्रतिविष या चौघांविरुद्धच बनवलेले असते. मुंबईची हाफकिन संस्था ते बनवत आली आहे. घोणस किंवा फुरसे चावले असेल तर रक्त गोठत नाही. ते ओळखायला महागडे यंत्र लागत नाही: स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत शिरेतले ताजे रक्त घेऊन वीस मिनिटे हात न लावता ठेवायचे आणि मग नळी कलती करून पाहायची. रक्त ओघळले तर विष भिनलेले आहे. नळी ओली किंवा साबणाने धुतलेली असेल, किंवा कोणी मध्येच हलवून पाहिली, तर निष्कर्ष चुकतो. म्हणून नळ्या वेगळ्या ठेवणे आणि घड्याळ पाहणे हे सिस्टरचे काम.

मण्यारचा दंश सर्वात फसवा. जमिनीवर झोपलेल्याला रात्री चावतो, खूण दिसत नाही, सूज नाही, वेदना नाही. पहाटे पोटात दुखते म्हणून माणूस येतो. पित्ताची गोळी देऊन त्याला परत पाठवले तर थोड्या वेळाने पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही, आणि श्वास थांबतो. ज्या भागात मण्यार आहे तेथील जुना कर्मचारी पावसाळ्यातल्या पहाटेच्या पोटदुखीला दोन प्रश्न हमखास विचारतो: रात्री कुठे झोपला होतास, आणि डोळे पूर्ण उघडता येतात का? प्रतिविषाच्या पहिल्या दहा कुप्या मूल असो की मोठा माणूस, सारख्याच दिल्या जातात, कारण सापाने सोडलेले विष तेवढेच असते. घोड्याच्या रक्तापासून बनलेल्या या औषधाने अंगावर गांधी उठणे, रक्तदाब कोसळणे असे प्रकार होऊ शकतात. त्यासाठी ॲड्रिनलिन सिरिंजमध्ये भरून हाताशी ठेवावे लागते. पहिला पाऊण तास कोणीतरी खाटेपासून हलता कामा नये.

अशा लहान ठिकाणच्या निरीक्षणातून वैद्यकशास्त्राला मोठी देणगीही मिळाली आहे. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने मुले दगावत. रायगड जिल्ह्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम केलेल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांच्या खाटेपाशी रात्री काढून या विषाचा हृदयावर होणारा परिणाम नोंदवला, आणि प्राझोसिन ही स्वस्त गोळी त्यावर चालते हे दाखवले. त्यांचे लेखन 1982 पासून लॅन्सेटमध्ये आले; 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. शहरातल्या अतिदक्षता विभागापर्यंत हे रुग्ण जिवंत पोचतच नव्हते, त्यामुळे हे ज्ञान तेथे निर्माण होणे शक्यच नव्हते.

कीटकनाशक पोटात गेलेला किंवा फवारणीत बाधा झालेला रुग्णही बहुधा रात्रीच येतो. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना झालेल्या बाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा हा विषय राज्यभर चर्चेत आला. ग्रामीण रुग्णालयांना तो आधीपासून ठाऊक होता. कपडे काढून अंग साबणाने धुणे, तोंडातला फेस ओढून काढणे, मग ॲट्रोपिनची इंजेक्शने, छाती कोरडी होईपर्यंत. डोस किती आणि पुढचा कधी, हे बाहुल्या, नाडी आणि छातीचा आवाज पाहून रात्रभर ठरवत राहावे लागते. विष स्वतःहून घेतलेले असेल तर पोलिसांना कळवावे लागते, आणि त्या शब्दानेच घरचे लोक गप्प होतात. काय घेतले, किती घेतले, डबा कुठे आहे, काही सांगत नाहीत. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार असा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच गृहीत धरले जाते, त्याला शिक्षा होत नाही. हे कुटुंबाला शांतपणे सांगितले की डबा पंधरा मिनिटांत येतो आणि उपचाराची दिशा ठरते.

यानंतर प्रश्न येतो ‘रेफर’चा. 2014 साली राज्यात 108 क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा 937 गाड्यांनिशी सुरू झाली, आणि प्रत्येक गाडीत डॉक्टर असण्याची तरतूद झाली. त्यापूर्वी जीप किंवा टेम्पो शोधण्यात जो वेळ जाई, तो आता बराच वाचतो. पण गाडी आहे म्हणून पाठवण्याची सवयही लागू शकते. मध्यरात्री आलेल्या प्रत्येक गंभीर रुग्णाला चिठ्ठी लिहून सिव्हिलला धाडले, की येथली जबाबदारी संपते आणि तेथला वॉर्ड जमिनीवर गाद्या टाकून भरतो. उलट, भूलतज्ज्ञ नाही, रक्त नाही, हे ठाऊक असताना धाडसाने ठेवून घेणेही तितकेच घातक. चांगला रेफर कागदावरून ओळखता येतो: काय आढळले, कोणते औषध किती वाजता दिले, शेवटचा रक्तदाब किती, पुढच्या रुग्णालयात कोणाशी फोनवर बोलणे झाले. फक्त ‘पुढील उपचारासाठी’ असे लिहिलेली चिठ्ठी म्हणजे रुग्णाला रस्त्यावर सोडणे होय.

रेफर केल्यावर नातेवाईकांचा राग उसळतो. हॉस्पिटलमध्ये काहीच नाही, असे म्हणत काच फुटते, कधी सिस्टरवर हात उगारला जातो. रुग्णालयातील हिंसाचाराविरुद्ध महाराष्ट्रात 2010 चा कायदा आहे, पण रात्री दोन वाजता कायद्यापेक्षा समजावणारा आवाज जास्त उपयोगी पडतो. रुग्णाला आत घेतल्यावर दहा मिनिटांनी बाहेर येऊन ‘आम्ही हे हे करतोय, अजून धोका आहे’ एवढे सांगणारी सिस्टर असेल, तर भांडणे कमी होतात. बाहेर कोणीच आले नाही की व्हरांड्यात अफवा तयार होते.

या सगळ्याला माणसे किती लागतात, याचा हिशेब साधा आहे. दिवसाच्या तीन पाळ्या, आठवड्याच्या एकवीस. साप्ताहिक सुट्टी धरून एक परिचारिका सहा पाळ्या करते. म्हणजे एक जागा चोवीस तास भरलेली ठेवायला साडेतीन परिचारिका हव्यात. वॉर्ड आणि लेबर रूम या दोनच जागा धरल्या तरी सात. त्यात कोणाची रजा नाही, आजारपण नाही, बाळंतपण नाही, प्रशिक्षण नाही, बारा तासांच्या रात्रीनंतरची विश्रांती नाही. त्यातली दोन पदे रिकामी राहिली, की रात्री एकच सिस्टर दोन्हीकडे धावते. वॉर्डात सर्पदंशाच्या रुग्णापाशी पाऊण तास थांबायचे की लेबर रूममध्ये दर पंधरा मिनिटांनी चादर बघायची, यातले एक तिला सोडावेच लागते. पुढे काही विपरीत घडले तर चौकशी तिचीच होते. रिकाम्या पदाची होत नाही.

इमारती रंगल्या, यंत्रे आली, योजना वाढल्या, हे चांगलेच झाले. पण पदे खाटा मोजून मंजूर होतात आणि वर्षानुवर्षे निम्मी-अर्धी भरली जातात, तोवर तीस खाटांच्या रुग्णालयाला चोवीस तासांचे रुग्णालय म्हणता येणार नाही. परिचारिकांची पदे पाळ्यांच्या हिशेबाने ठरवावीत, ती कायमस्वरूपी भरावीत आणि रात्री लेबर रूमसाठी स्वतंत्र सिस्टर असल्याशिवाय पाळी लावू नये. तालुक्यातल्या लोकांनी आपल्या आमदाराकडे आणि रुग्ण कल्याण समितीकडे नव्या यंत्राआधी ही मागणी करावी.